लोरीबायचा सडा

एप्रिल संपत आला की माझा फोन दिवसभर वाजत असतो. मी भूजलाची कामं करते. जमिनीखाली पाणी कुठे असू शकेल ते यंत्रानं मोजायचं, नकाशावर खूण करायची आणि बोअरवाल्याला सांगायचं, इथे मार. लोक मला पाणाडी म्हणतात तेव्हा मला राग येतो. पाणाडी तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे पाणी आहे म्हणतो. मी जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडते आणि खडक तिला किती अडवतो ते मीटरवर वाचते. कोरडा खडक खूप अडवतो, ओला कमी. यात देवाधर्माचा काही संबंध नाही. मूळची मी खेडची. जगबुडी नदीचं पाणी पावसाळ्यात आमच्या दुकानात शिरायचं आणि आई काउंटरवर चढून बसायची, त्यामुळे पाणी शोधायला लागतं हे मला कॉलेजात जाईपर्यंत खरंच वाटत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एस्तेर साळवी नावाच्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, मी आंबेखोलच्या शाळेतून बोलतेय. बहिऱ्या मुलींची शाळा. दोन बोअर फुकट गेल्या आमच्या, नुसती भुकटी निघाली. तिसरी फुकट जाऊन चालायची नाही. तुम्ही याल?"

आवाजात विनवणी नव्हती. शिक्षिकेचा आवाज होता, नीट उच्चार करणारा. मी दुसऱ्या दिवशीच निघाले.

आंबेखोल पालीच्या पुढे, कोल्हापूर रस्ता सोडून आत आहे. गाव खाली, पऱ्याच्या काठाला, नारळी-पोफळीत झाकलेलं. शाळा वर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट माथ्यावर. गावातून चढ सुरू होतो आणि शेवटच्या वळणावर झाडं एकदम संपतात. मग फक्त जांभा. मैलभर पसरलेला उघडा, काळवंडलेला कातळ, मध्ये वाळलेल्या गवताचे पट्टे आणि वर आभाळ. गाडीतून उतरले तर बुटांच्या तळव्यातून चटका लागला. त्या सगळ्या उघड्यावर ती एकच इमारत होती: जांभ्या चिऱ्यांची, कौलारू, लांब व्हरांड्याची, आणि तिच्या मागे एक बकुळ.

बकुळीखाली एक थडगं होतं. साधा घासलेला दगड, त्यावर मराठीत एवढंच कोरलेलं: हेस्टर लोरिमर, शिक्षिका.

"गावात लोरीबाय म्हणतात," एस्तेरबाई म्हणाल्या. साठी ओलांडलेल्या, काटक, सुती साडीतल्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. "चला, आधी जेवून घ्या. पाणी जपून वापरा तेवढं. टँकर परवा येणार आहे."

शाळेला सुट्टी होती. तरी काही मुली तिथेच होत्या, ज्यांना जायला घर नव्हतं. ताटं वाढताना त्या एकमेकींशी हातांनी इतक्या भराभर बोलत होत्या की सगळ्या खोलीत हालचाल होती आणि आवाज फक्त भांड्यांचा. जेवणात कुळथाची पिठी, भात आणि फणसाची भाजी होती. एस्तेरबाईंनी मला परिस्थिती थोडक्यात सांगितली. शाळा चालवणाऱ्या मुंबईच्या विश्वस्तांनी ठरवलं होतं की जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पाण्याची सोय झाली नाही तर ती बंद करायची आणि मुलींना पुण्याला हलवायचं.

"ते वाईट माणसं नाहीत," त्या म्हणाल्या. "पाण्यावाचून वसतिगृह कसं चालवणार? पण इथले आईबाप पोरींना पुण्याला धाडायचे नाहीत. बहिरी पोर, त्यातून मुलगी. घरात बसवतील. भांडी घासायला, गुरांमागे जायला. बस."

लोरिमरबाईंबद्दल मी विचारलं ते केवळ सौजन्य म्हणून. पण एस्तेरबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

लोरिमरबाई स्कॉटलंडहून आल्या त्या बायबल शिकवायला. शंभरावर वर्षं झाली त्याला. प्लेगचे दिवस होते. पालीच्या बाजूला एका घरी त्या गेल्या तर गोठ्यात, म्हशीच्या शेजारी, एक मुलगी दाव्यानं बांधलेली. ऐकत नाही, बोलत नाही, उठसूट पळून जाते, म्हणून बांधलेली. बाई तिच्याशेजारी शेणात बसल्या. मुलीचा तळवा उचलून त्यांनी आपल्या गळ्यावर ठेवला आणि गायला लागल्या. दिवे लागेपर्यंत गात होत्या म्हणे.

"ती मुलगी माझी आजी," एस्तेरबाई म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी दुसरं काही केलंच नाही. बहिऱ्या मुलींसाठी गावात जागा मागितली, कोणी दिली नाही. हा सडा मिळाला, कारण तो कोणालाच नको होता. त्यांच्या हातच्या मुली पुढे नागपूरपर्यंत शिक्षिका होऊन गेल्या. सरकारनं पदक दिलं तर ते विकून बाईंनी छपराची कौलं आणली. तिकडे स्कॉटलंडला त्यांच्या गावच्या चर्चमध्ये रंगीत काचेच्या खिडकीत त्यांचं चित्र आहे, ते पाहून कधीमधी कोणी परदेशी माणूस इथवर येतं आणि थडग्याचा फोटो काढून जातं. त्यांचा स्वतःचा फोटो मात्र शाळेत एकच, मुलींच्या घोळक्यातला, आणि त्यातही चेहरा हललेला, कारण फोटो निघताना त्या कुठल्यातरी मुलीकडे वळल्या होत्या.

"फक्त पाणी नाही मिळालं तिला. मरेपर्यंत खालच्या पऱ्यावरून मुलींबरोबर डोक्यावर हंडे आणले. दुपारी मुली झोपल्या की ओला पंचा डोक्यावर टाकून सड्यावर फिरायची, पाण्याची जागा शोधत. अनवाणी. म्हणायची, बुटातून खडक कळत नाही. गावातले हसायचे. शेवटी तशीच एका दुपारी पडली ती उठलीच नाही. मे महिनाच होता."

"तिथे वर पाणी नसतंच," मी म्हटलं. "जांभा म्हणजे चाळण. पाणी खाली जातं आणि पायथ्याला झऱ्यातून निघतं."

"तिलाही सगळ्यांनी तेच सांगितलं," एस्तेरबाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात भात वाढला.

त्या दिवशी मी इमारतीच्या उत्तरेला मोजणी सुरू केली. मोठ्या मुली तारा ओढायला आल्या. त्यांना दोन खुणा शिकवल्या की पुरे व्हायचं. आकडे माझ्या अंदाजाप्रमाणेच येत होते. हजारांत. कोरडा, निव्वळ कोरडा कातळ. सड्याच्या कडेला काजूची बाग होती, तिथे मात्र खालच्या काळ्या पाषाणात भेग असावी असं दिसत होतं. पाणी लागलं तर तिथेच लागणार होतं, थोडंफार.

उन्हं कलायच्या आत मधल्या मोकळ्या कातळावर एक आकडा एकदम खाली आला. चाळीस. इतका कमी आकडा भातखाचरात येतो. मी खुंट्या तपासल्या, तारा तपासल्या. घट्ट होत्या. पुन्हा बटण दाबलं. चाळीस. तिसऱ्यांदा दाबलं तर दोन हजारांवर. मधल्या वेळात काही बदललं नव्हतं.

तार कुठेतरी सैल असणार, असं मी लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची पानं मांडली तर मैना नव्हती.

मैना ही सगळ्यांत नवी मुलगी. आठनऊ वर्षांची असेल. शिमग्याच्या सुमारास खेड स्टेशनवर एकटी सापडली होती. नाव कोणाला माहीत नाही. मैना हे शाळेनं ठेवलेलं. तिला खुणांची भाषा येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. कुठेतरी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसायची. केसांच्या जटा झाल्या होत्या, पण डोक्याला कोणी हात लावला की कडकडून चावायची. एस्तेरबाईंच्या मनगटावर तिच्या दातांची खूण मी पाहिली होती.

आम्ही व्हरांड्यात येऊन पाहिलं. सड्यावर ऊन नुसतं थरथरत होतं. त्या थरथरीतून मैना येताना दिसली. सावकाश, उड्या मारत. जवळ आली तशी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना.

तिचे केस ओले होते.

जटा नव्हत्या. केस धुतलेले, विंचरलेले आणि पाठीवर घट्ट वेणी. वेणीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं आणि खालच्या चिऱ्यावर पडताच सुकत होतं. तेव्हा अख्ख्या शाळेत दोन बादल्या पाणी होतं आणि त्या दोन्ही स्वयंपाकघरात कुलपात होत्या. मी तिच्या केसांचा वास घेतला. टँकरच्या पाण्याला प्लॅस्टिकचा वास येतो. याला खडकाचा वास होता, खोल विहिरीतल्यासारखा गार.

ती चावली नाही. एस्तेरबाईंनी वेणीला हात लावला तरीही नाही.

"पाच पेडांची," एस्तेरबाई म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. "ही वेणी माझी आई घालायची, आजीकडून शिकलेली. ती गेल्यावर मी नाही कुठे पाहिली."

त्यांनी मैनेच्या वेणीकडे बोट दाखवलं आणि हात उलटे केले: कोणी?

मैनेनं आपला तळवा गळ्यावर ठेवला.

एस्तेरबाईंनी मुलींना जेवायला पाठवलं आणि मग मला म्हणाल्या, "इथे प्रत्येक माणसाची एक खूण असते. आताच्या मुली लोरीबायसाठी हवेत अशी खिडकी काढतात, त्या रंगीत काचेवरून. गळ्यावर तळवा ही जुनी खूण. माझ्या आजीच्या वेळची. आजीबरोबर गेली ती. मी इथे कोणाला कधी शिकवली नाही."

"गावातली कोणी बाई असेल," मी म्हटलं. "खालून पाणी घेऊन आली असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "मला भुताखेतांत घालू नका हं, मॅडम. आमच्यात तसलं मानत नाहीत. मेलेला माणूस प्रभूकडे जातो."

"मीही मानत नाही."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी मैनेच्या वेणीतून पायरीवर पडलेली बकुळीची फुलं वेचली आणि पदरात बांधली.

मी बाहेर पडले. ती वेळ खरं तर कामाची नव्हे. भर दुपारी सड्यावर कोणी जात नाही. गुराखीही गुरं घेऊन खाली उतरतात. पण मला ती गावातली बाई पाहायची होती. जटा सोडवायलाच अर्धा दिवस लागला असता, आणि मैना सकाळच्या न्याहारीला आमच्यात होती, हे मला माहीत होतं. ते मी बाजूला ठेवलं.

एक टिटवी ओरडत होती. मी मधल्या कातळावर पोचले तशी ती गप्प झाली.

पायाशी एक ओलं पाऊल उमटलेलं होतं.

अनवाणी पाऊल, लांब आणि अरुंद. बोटं स्पष्ट. कडा सुकत आलेल्या. त्याच्या पुढे दुसरं, जरा जास्त ओलं. त्याच्या पुढे तिसरं. मी मागे पाहिलं, मागे काही नव्हतं. माझ्या मागची सुकून गेली होती. मी पुढे चालले. पावलं माझ्या चालीनंच चालत होती, म्हणजे मी थांबले की पुढचं नवं उमटत नव्हतं. मान वर करून पाहायचं मला सुचलं नाही असं नाही. मी पाहिलं. समोर ऊन होतं, बाकी कोणी नव्हतं.

सड्याच्या मधोमध, जिथे गवताची काडीही नव्हती, तिथे दोन पावलं शेजारी शेजारी होती. थांबलेल्या माणसाची. ती सुकत नव्हती. मी वाकून बोट लावलं. गार लागलं.

मी परत आले, बॅग भरली आणि रत्नागिरीला घरी येऊन अहवाल लिहिला. बोअर काजूच्या बागेच्या कडेला मारावी. आकडे, नकाशा, सही. पावलांचं काय लिहिणार? नवऱ्यालाही सांगितलं नाही.

फारुकभाईंची बोअरची गाडी मिळायला आठवडा गेला. पालीचे फारुकभाई आणि मी बरीच वर्षं एकत्र काम करतो. आखातात तेलाच्या विहिरींवर काम करून परत आलेला माणूस, बोलायला रोखठोक. सकाळी त्यांची गाडी घरघरत सड्यावर चढली तेव्हा मुली व्हरांड्यात ओळीनं उभ्या होत्या.

"एकच मारणार मी," फारुकभाई म्हणाले. "आज इथं, उद्यापासून राजापुरात. मे महिन्यात मला श्वास घ्यायला वेळ नाय. जागा पक्की हाय ना, मॅडम?"

"पक्की आहे. ती काजूची कड."

गाडी तिकडे वळत होती, तेवढ्यात मैना माझ्या शेजारून गेली. धावत नाही, कोणी हात धरून नेल्यासारखी. डावा हात जरा वर, डोकं वर करून, आपल्यापेक्षा पुष्कळ उंच माणसाचं तोंड बघत. सड्याच्या मधोमध जाऊन ती उभी राहिली आणि माझ्याकडे वळून पाहू लागली.

ती नेमकी कुठे उभी आहे ते मला चालत जाऊन बघावं लागलं नाही.

एस्तेरबाई माझ्याजवळ आल्या. त्यांना पावलांचं ठाऊक नव्हतं. त्यांनी मैनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसं. आम्हाला दुसरी संधी नाही, एवढं लक्षात ठेवा."

माझ्याकडे एक नकाशा होता आणि पंधरा वर्षांचा अनुभव होता. काजूच्या कडेला थोडंतरी पाणी लागण्याची शक्यता बरी होती. मध्ये काहीच नव्हती. चुकले तर शाळा माझ्यामुळे बंद होणार होती, आणि का चुकले हे मला कोणाला सांगताही आलं नसतं.

"फारुकभाई," मी ओरडले, "गाडी इकडे घ्या. ती मुलगी उभी आहे तिथे."

ते खाली उतरून आले. "मॅडम, तिथं नुसता कातळ हाय."

"माहीत आहे."

"यंत्रानं दाखवलं काय तुमच्या?"

"दोनदा दाखवलं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली, बिस्मिल्ला म्हणून हातोडा सुरू केला.

लाल भुकटी उडाली. मग पिवळी, मग पांढुरकी, मग काळ्या पाषाणाची करडी. दुपार झाली. भुकटीनं आमचे चेहरे सारखे झाले. कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, म्हणून फारुकभाई प्रत्येक रॉड लावताना माझ्याकडे बघून नुसता हात हलवत: कोरडं. मुली जवळ येऊन कातळावर पालथ्या झोपल्या होत्या, दोन्ही तळवे खडकाला लावून. हातोड्याचे धक्के त्यांना तसेच ऐकू येत होते. एस्तेरबाई त्यांच्यामध्ये बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

मैना एकटीच उभी होती, यंत्रापासून थोडी दूर.

फारुकभाईंनी एक बोट वर केलं. शेवटचा रॉड.

मी मान डोलावली. एस्तेरबाईंना काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते.

आणि मुलींनी हात उचलले.

सगळ्यांनी, एकदम. तापलेल्या तव्याला लागल्यासारखे. आम्हा ऐकणाऱ्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. फारुकभाईंनाही नाही. मुली उठून बसल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

मग यंत्राचा आवाज बदलला.

भुकटी काळी झाली. चिखल झाला.

मग पाणी आलं.

ते वर गेलं, यंत्राच्या डोक्याच्याही वर, आणि पांढरं गढूळ आमच्यावर कोसळलं. मी आयुष्यात शेकडो बोअर पाहिल्यात. कोकणातल्या सड्यावर इतकं पाणी पाहिलेलं नाही. फारुकभाई टोपी काढून हसत होते. मुली नाचत होत्या. एस्तेरबाई बसल्या जागी भिजत होत्या, चष्म्यावर चिखल, तोंड वर केलेलं.

मी मैनेला शोधलं.

ती होती तिथेच उभी होती. पाणी तिच्यावर पडत नव्हतं.

तिच्या मागे पडत होतं, पुढे पडत होतं, दोन्ही बाजूंनी कातळ काळाभोर भिजला होता. तिच्या फ्रॉकवर थेंब नव्हता. तिच्या पायाखालचा खडक पांढराफटक कोरडा होता.

कोरडी जागा तिच्या एकटीपुरती नव्हती.

तिच्या डाव्या हाताला आणखी कोणी उभं राहू शकेल एवढा कातळ कोरडा होता.

मैना त्या बाजूला तोंड करून हसली. मग कोणीतरी हात सोडल्यासारखा तिचा हात खाली आला, आणि पाणी तिच्यावर पडायला लागलं. ती दचकली, किंचाळली आणि धावत येऊन एस्तेरबाईंच्या मांडीत शिरली.

मी फारुकभाईंकडे पाहिलं. त्यांचं हसू थांबलं होतं. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"पंप कुठला टाकायचा ते बघू," ते म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली. विश्वस्तांनी पुण्याचा विषय पुन्हा काढला नाही. उलट खालच्या गावालाच शाळेतून पाण्याची एक लाइन दिली. गावकऱ्यांनी ती घेताना थडग्यावर नारळ फोडला. एस्तेरबाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी खोबरं वाटलं.

गणपतीच्या आधी मी एकदा जाऊन आले. सडा ओळखू येत नव्हता. कातळावर पाण्याची डबकी होती आणि त्यांच्या काठानं जांभळी-पिवळी बारीक फुलं हातभर जागा न सोडता उगवली होती. मैना वर्गात होती. तिनं मला एक खूण केली आणि बाकीच्या मुली हसल्या. "तुमचं नाव ठेवलंय तिनं," एस्तेरबाई म्हणाल्या. "चिखलवाली." तिला आता चारशे-पाचशे खुणा येत होत्या. आवाजही काढायला लागली होती, एस्तेरबाईंच्या गळ्यावर हात ठेवून.

निघताना मी न राहवून विचारलं. "ती अजून... मैनेला अजून कोणी दिसतं का?"

"विचारलं मी. पाणी लागलं त्याच संध्याकाळी." एस्तेरबाई बकुळीकडे बघत होत्या. "हातानं दाखवलं, गेली. कुठे, म्हटलं, तर अशी लांबवर, डोंगरापलीकडे बोट दाखवते. बरं झालं, नाही का? इतकी वर्षं ताटकळली. आता तिला विसावा मिळाला असेल."

मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर सडा उतरताना मला हलकं वाटलं. माझे आकडे, माझ्या तारा, सगळं पुन्हा जागच्या जागी आलं होतं.

यंदाच्या मार्चमध्ये, एका रविवारी दुपारी, मुरुडजवळच्या एका वाडीतून अनिल केळसकर नावाच्या माणसाचा फोन आला. दापोली तालुका. तिथे मी कधी काम केलेलं नाही.

"मॅडम, फारुकभाईंनी नंबर दिला तुमचा. वाडीला पाणी नाय, तुम्ही कधी येताव ते विचारायला फोन करणार होतो, पण तुमच्या बाई आधीच पोचल्या. म्हटलं, कळवावं."

"कुठल्या बाई? मी कोणाला पाठवलेलं नाही."

"अहो, त्या वयस्कर. गोऱ्या, उंचशा. सकाळपासून वर सड्यावर आहेत. काय बोलत नायत." पलीकडे वारा वाहत होता, त्यात त्याचा आवाज तुटत होता. "आमच्या वाडीत एक मुकी पोर आहे, आईबाप नसलेली. कोणाच्या वाऱ्याला उभी राहत नाय. ती त्यांचा हात धरून उभी आहे आणि हसतेय. आम्ही पोरीला हसताना कधी बघितलं नव्हतं, म्हणून कोण जवळ गेलो नाय."

मी कागद ओढून त्यावर 'मुरुड' असं लिहिलं.

"सावलीत या म्हणून हाका मारल्या, तर मान हलवतात आणि रस्त्याकडे बोट दाखवतात," अनिल म्हणाला. "तुम्ही निघालाव ना, मॅडम? तुमचीच वाट बघतायत त्या."